खायचे, दाखवायचे की बोलायचे?

झोपताना कवळी काढून पाण्याच्या ग्लासात ठेवावी.

परदेशातून येणाऱ्या कोवळ्या रोपांना कीड असू शकते.

गाड्यांची घोषणा स्पष्ट, शुद्ध व प्रसन्न आवाजात करावी.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

या चार वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे ज्यांना वाटते, त्यांचे पार्सल अजून सीमाशुल्क खात्यात अडकलेले नाही.

बसस्थानकावरचे उद्घोषक परदेशी लेकीकडे राहून परत आले. कवळी मात्र तिकडेच, बेसिनवरच्या ग्लासात राहिली. लेकीने ती कापसात गुंडाळून टपालाने पाठवली आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले : ‘कवळी, जुनी’.

इकडे स्थानकप्रमुखांनी उद्घोषकांना बजावले होते, “सोमवारी दात लावून माईकवर या, नाहीतर सामानघरात बदली.” माईक हा उद्घोषकांचा जीव की प्राण. बायकोला जेवायला हाक मारतानासुद्धा ते आधी “कृपया लक्ष द्या” म्हणत.

पार्सल नोंदवणाऱ्या कारकुनाला आपल्या शुद्धलेखनाचा अभिमान होता. त्याने पदरचा एक काना आणि एक मात्रा घालून ‘कवळी’ची ‘कोवळी’ केली. कोवळी वस्तू म्हणजे रोप, हे उघडच होते. खोके वनस्पती तपासणी विभागात गेले.

“कीड नसल्याचा दाखला आणा,” तिथले तपासनीस म्हणाले.

उद्घोषकांना दातांवाचून धड बोलता येत नव्हते, म्हणून बायको पुढे झाली. “अहो साहेब, कीड लागली म्हणूनच तर यांचे खरे दात काढले. कवळीला कुठली आलीय कीड?”

“म्हणजे पूर्वी कीड होती, हे तुम्हाला मान्य आहे.”

कवळी ओल्या मातीत ठेवण्यात आली. पुरेशी वाट पाहूनही कोंब फुटेना, तेव्हा ते दात असल्याचे विभागाने तत्त्वतः मान्य केले आणि खोके सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या टेबलावर आले.

अधिकारी सज्जन होते. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या.

“आता फक्त वर्गवारी राहिलीय. खायचे दात की दाखवायचे? खायचे असतील तर स्वयंपाकघरातली अवजारं. दाखवायचे असतील तर शोभेच्या वस्तू.”

“बोलायचे,” बायको म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. “बाई, हे आधी सांगायचं. बोलायचे म्हणजे ध्वनियंत्र. त्याला दळणवळण खात्याची परवानगी लागते.”

“अहो, कसलं ध्वनियंत्र! यांच्या स्वतःच्या तोंडातले दात आहेत. इथेच बनवलेले. इथूनच गेले, इथेच आले.”

“असं? मग तर एक पैसाही शुल्क नाही.” अधिकाऱ्यांना मनापासून आनंद झाला. “फक्त ते इथून गेल्याचा पुरावा द्या. गेले कसे?”

“तोंडात.”

“म्हणजे लपवून.”

“तोंडात नाहीतर काय डोक्यावर लावून न्यायचे?”

उद्घोषक ताडकन उठले. “हाखवली होही! काहून हाखवली होही!”

“हे म्हणतायत, दाखवली होती. विमानतळावर तपासणीच्या वेळी काढून दाखवली होती.”

“कुणी पाहिलं?”

“मागे एवढी मोठी रांग होती की!”

“मग त्यातला एक साक्षीदार आणा. एकच पुरे. आम्ही काही माणसं खात नाही.”

दोघांनी दाताच्या कण्या केल्या, म्हणजे बायकोने केल्या. उद्घोषकांकडे त्यासाठी लागणारा कच्चा माल नव्हता.

सोमवार उजाडला. उद्घोषक बोळक्या तोंडाने माईकसमोर बसले. आज ना उद्या बदली होणारच, तर निदान माईक हाती आहे तोवर साक्षीदार तरी शोधावा, असे त्यांनी ठरवले. “कृपया लक्ष द्या. विमानतळावर मी कवळी काढून दाखवली, तेव्हा रांगेत माझ्या मागे कोण होतं? कृपया पुढे या.” हे ते जीव तोडून, पुन्हा पुन्हा बोलले. बाहेर कर्ण्यांतून निव्वळ वाफ आणि स्वर निघाले.

लोक उठले, पिशव्या उचलल्या आणि समोरच्या गाडीत चढले. गाडी भरली, सुटली. दुसरी लागली, तीही भरली.

संध्याकाळपर्यंत एकही तक्रार आली नाही. उलट स्थानकप्रमुखांनी उद्घोषकांच्या पाठीवर थाप मारली. “उगाच घाबरवलं तुम्हाला. काहीच फरक पडला नाही बघा!”

बदली टळली. उद्घोषक घरी येऊन भिंतीकडे बघत बसले.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं कुणी ऐकतच नव्हतं?”

ते काहीतरी बोलले. तिलाही कळले नाही.

काहीच फरक पडला नसल्याची बातमी सीमाशुल्क खात्यात यथावकाश पोहोचली आणि प्रश्न सुटला. ज्या दातांवाचून माणसाचे काम सुरळीत चालते, ते दात म्हणजे चैनीची वस्तू. चैनीची वस्तू गुपचूप बाहेर नेली आणि साक्षीदार मिळाला नाही, सबब जप्त. आज ती कवळी खात्याच्या प्रवेशदालनात, काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवलेली आहे. येणारेजाणारे थांबून बघतात. वर्गवारीही आपोआप निकालात निघाली : दाखवायचे दात.

परदेशी जाताना, तपासणीच्या टेबलापाशी, उद्घोषकांनी कवळी खरोखरच काढून दाखवली होती. “काका, ठेवा ती आत, लोकांना घाई आहे,” असे तिथला माणूस म्हणाला होता आणि मागे रांगेत उभे असलेले आपण सगळे दात काढून हसलो होतो.