पेट्रोल-बचत यंत्राचे पथ्य

मोटारीला पेट्रोल लागते, हे सत्य पचवण्यात मोटारमालकाची अर्धी हयात जाते. परभणीच्या दिनकररावांना तेवढा धीर नव्हता. त्यांची भाड्याची मोटार पोखर्णीपर्यंत धावे (‘धावे’ हा शब्द आदरार्थी समजावा). ती पेट्रोल फार पिई. त्यावरून, ड्रायव्हर मुंजाजी ते बाहेर विकतो, असा दिनकररावांचा निष्कर्ष निघाला. मोटार जुनी होती. पण म्हाताऱ्यांवर संशय घेणे शिष्टसंमत नाही.

जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि तिकडून सुधारणा येऊ लागल्या होत्या. पेट्रोल-बचत यंत्र ही त्यांतलीच एक. पितळी डबी, दोन नळ्या. आत काय आहे ते विक्रेत्यालाही ठाऊक नव्हते (हे त्याने अभिमानाने सांगितले). दिनकररावांनी डबी बसवून घेतली आणि बजावले, "आता बी गाडीनं कमी पेलं न्हाई, तर मुंजाजी, तुझी नोकरी गेली समज."

मुंजाजीच्या घरात पाच खाणारी तोंडे होती.

आमच्या भागात औषध पथ्याशिवाय घेत नाहीत. पथ्य नसेल तर वैद्यावरच शंका येते. मुंजाजीने विक्रेत्याला विचारले, "ह्याला पथ्य काय हाय जी?"

विक्रेता क्षणभर गडबडला. मग धडाधड सांगत सुटला. चढावर उतारूंनी उतरून ढकलावे. उतारावर इंजिन बंद ठेवावे. वेग बैलांना अपमान वाटणार नाही इतपत असावा. अमावास्येला मोटार काढूच नये.

महिनाभरात पेट्रोल निम्म्यावर आले. पूर्वी "जरा उतरा" म्हटले की भांडायला उठणारे उतारू ओढ्याच्या चढावर उड्या मारून उतरू लागले. दर दहांतले सात ढकलीत, दोघे यंत्राची स्तुती करीत आणि एक आत बसून "पथ्य सांभाळा!" म्हणून ओरडे (हे दिनकररावच असत). यंत्रामुळे मुंजाजीची चोरी सुटली, असा निर्वाळाही त्यांनी चारचौघांत दिला. मुंजाजीने जन्मात चोरी केली नव्हती. पण सुटली म्हणतात, तर त्याने मान डोलावली. मला मात्र त्याचे फार वाईट वाटले.

एकदा चढावर ढकलता ढकलता कडूबाई नावाच्या म्हातारीने विचारले, "डबी काढून ढकलली, तरी इतकंच लागंल की पेट्रोल?"

डबी गेली की पुन्हा चोर मुंजाजीच ठरणार होता.

ग्यानबा धनगर तिच्यावर उखडला. "आवं मावशे, डबी नसल्यावर ढकलंल कोण? आमाला काय दुसरी कामं न्हाईत?"

हा मुद्दा एकमताने मान्य झाला. मुंजाजीचा जीव भांड्यात पडला आणि सगळ्यांनी पुन्हा खांदा लावला.

दिनकररावांनी आता दुसरी डबी मागवली आहे. तिच्या पथ्यात सपाट रस्त्यावरही ढकलायचे आहे. तिकिटे आत्ताच संपली आहेत.

वाचकहो, खुशाल हसा. आपल्या बोटात पुष्कराज घालताना ज्योतिष्याने पहाटे उठायला, नेटाने काम करायला आणि घरात गोड बोलायला सांगितले होते ना? खड्याचा फार गुण आला म्हणे.