आप्पा आणि सोसायटीचा फळा

लोक खांद्यावर टॉवेल टाकतात, उपरणं टाकतात. आमचे पुंडलिकआप्पा खांद्यावर ओलं फडकं टाकून फिरायचे. लग्नालासुद्धा! पाटलांच्या थोरल्याच्या लग्नातला फोटो आहे माझ्याकडे. आप्पा नवरदेवाशेजारी छाती काढून उभे, अंगात पांढराशुभ्र सदरा, डोक्याला फेटा, आणि खांद्यावर ते कळकट फडकं. फोटोवाल्याने हात जोडले तरी त्यांनी ते काढलं नाही.

त्या फडक्याचं काम एकच. सोसायटीच्या गेटजवळ, पंपाच्या खोलीच्या भिंतीवर एक फळा होता, तो पुसायचा. आता तुम्ही म्हणाल, फळ्याचं एवढं काय? अहो, आमची सोसायटी सुरतेत, पर्वत पाटियाच्या मागे. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं खानदेशातली, सगळ्यांचं पोट कापडाच्या लूमवर. दिवसपाळीवाले घरी येणार तेव्हा रातपाळीवाले निघालेले. सख्खे शेजारी महिना महिना एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. मग जे सांगायचं ते फळ्यावर. पाणी कधी येणार, कोणाकडे बारसं, कोण गावी निघालंय, कोणाची सायकल विकायची आहे. खडू तिथेच ठेवलेला. वाटेल त्याने लिहावं, नाव घालायचं बंधन नाही.

आणि वाटेल ते आप्पांनी पुसावं. त्यांना कोणी नेमलं होतं? कोणीही नाही! आयुष्यभर मिलमध्ये कापड तपासायचं काम केलेलं. डाग दिसला, धागा सुटलेला दिसला, की ते ठाण बाजूला काढून ‘सेकंड’ म्हणायचे. रिटायर झाले, पण डोळा काही रिटायर झाला नाही. फळ्यासमोर उभे राहायचे, मान तिरकी करायचे, आणि म्हणायचे, “सेकंड आहे. हा माल पास होणार नाही.” की फिरलंच फडकं.

बरं, कशाला सेकंड म्हणतील याचा काही नेम? माझ्या खिडकीतून फळा सरळ दिसायचा. मी दिवसभर साड्यांना टिकल्या लावत तिथेच बसलेली, त्यामुळे सगळा कारभार मला तोंडपाठ. कोणाची चप्पल हरवली ते लिहिलं, आप्पांनी पुसलं. का? तर फळा ही काय चपला ठेवायची जागा आहे? दुसऱ्याच दिवशी कोणाची तरी बकरी हरवली, ती मात्र आठवडाभर फळ्यावर चरत होती. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं लिहिलं, तर माझी पाठ वळायच्या आत साफ. “ताई, बायकांचं बायकांनी तोंडी सांगावं.” आणि भरीत पार्टीचं आमंत्रण चार दिवस राहिलं, कारण वांगी निवडायला यांनाच बोलावलं होतं!

एकदा सेक्रेटरी पाटलांनी लिहिलं, “सोमवारी पाणी येणार नाही.” पुसलं. संध्याकाळी चौधरींच्या पोरीने तेच लिहिलं, ते ठेवलं. पाटील तणतणत आले.

“आप्पा, माझ्या पाण्यात काय वाईट होतं?”

“उद्धटपणा होता.”

“पाणी येणार नाही, यात उद्धटपणा कसला?”

“तुम्ही हुकूम सोडला. पोरीने सांगितलं,” आप्पा म्हणाले आणि शांतपणे फडकं पिळायला गेले.

स्वतःवर एवढा भरवसा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. धुळ्याचे म्हणायचे, आप्पा जळगाववाल्यांचं ठेवतात. जळगावचे नेमकं उलटं म्हणायचे. मी म्हणायचे, आप्पा सगळ्यांवर सारखाच अन्याय करतात. शेवटी मीटिंग झाली. ठराव पास झाला: लिहिलेला मजकूर तीन दिवस कोणीही पुसायचा नाही. मी पहिला हात वर केला आणि आजही म्हणते, बरोबर केलं. पाटलांनी हौसेने तो नियम फळ्याच्या डोक्यावर ऑइलपेंटने रंगवून घेतला.

आम्हाला वाटलं, आता आप्पा आकाशपाताळ एक करणार. कसलं काय! त्यांनी फडक्याची घडी केली आणि पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगली. “कायदा म्हणजे कायदा,” म्हणाले, “मी मिलचा माणूस आहे.”

पुढचे दिवस ते नुसते फळ्यासमोर उभे राहून “सेकंड, सेकंड” पुटपुटत असायचे. फळ्यावर तर नुसता उकिरडा झाला. सिनेमाची गाणी काय, एकमेकांची उणीदुणी काय!

त्यातच शेजारच्या कमलच्या मीनाला बघायला अमळनेरचे पाहुणे येणार होते. पोरगी गुणी, मार्केटात साड्यांच्या दुकानात पॅकिंगला जायची. याआधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं आणि कमलने त्याचा धसका घेतला होता. रविवारी सकाळी मी कोथिंबीर आणायला निघाले, तर फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: “मीना रोज कामावरून उशिरा का येते, हे पाहुण्यांनी जरूर विचारावं.” खाली नाव नाही, गाव नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे! मी पदर खोचला आणि पुसायला धावले, तर पाटील आडवे.

“वहिनी, नियम आहे. आज हे पुसलं तर उद्या सगळेच पुसतील.”

“नियम गेला चुलीत!”

“आणि पुसलंत तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणूनच पुसलं.”

एवढ्यात चार माणसं जमली. कोणी म्हणे पुसा, कोणी म्हणे खोटं असेल तर भिता कशाला. कमल पोह्यांचा चमचा हातात घेऊनच दारात आली. आणि गेटसमोर रिक्षा थांबली.

तेवढ्यात आप्पा पुढे आले. इस्त्रीचा निळा सदरा, खांदा मोकळा. ते सरळ फळ्यापाशी गेले आणि बरोबर त्या ओळीला पाठ लावून टेकले, देवळाच्या ओट्यावर टेकावं तसे.

पाहुण्यांत मुलाची आत्या होती. भारी चौकस बाई! आल्या आल्या तिने विचारलं, “काय लिहिलंय हो फळ्यावर?”

“पाण्याची वेळ,” आप्पा म्हणाले. “तुम्ही अमळनेरच्या म्हणजे मूळ कुठल्या?”

ती कुठलंसं गाव म्हणाली. झालं! आप्पांच्या मावशीचं सासर तिथलंच निघालं. मावशी, मावसभाऊ, मावसभावाचा बैल, सगळे निघाले. आत्या हसत हसत आत गेली. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न विचारून झाले, आप्पा काही फळा सोडेनात. ऊन अंगावर आलं. मी पाणी नेऊन दिलं तर टेकल्या टेकल्याच प्यायले, मधूनच पाठ खाजल्यासारखे इकडून तिकडे घासले. निघताना मुलाच्या वडिलांनी त्यांनाच नमस्कार केला, “मुलगी पसंत आहे, आप्पा. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणजे वस्ती चांगली.”

रिक्षा वळली आणि आप्पा बाजूला झाले. फळ्यावर ती ओळ नव्हती. नुसता पांढरा धुरळा.

“आप्पा, पुसलंत तुम्ही!” पाटील ओरडले.

“मी कोठे पुसं? मी ते टेकेल व्हतू,” आप्पा म्हणाले. चिडले की ते अहिराणीवर यायचे. “तुमना नियममा टेकानी बंदी शे का?”

पाटलांनी खरंच मान वर करून नियम वाचला. मग त्यांनाही हसू आवरेना. कमलने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आप्पांच्या हातावर मूठभर.

संध्याकाळी मी दूध घेऊन येत होते, तर आप्पा माझ्या पुढे चालत होते, हातात पिशवी. आणि पाठभर खडू! कॉलरपासून कमरेपर्यंत नुसती राख फासल्यासारखा. म्हणजे हा माणूस असाच बाजारात गेला, देवळात गेला, चहाच्या टपरीवर बसला. आप्पांच्या घरात काकू असत्या तर दुपारीच खेकसल्या असत्या, आधी तो सदरा काढा म्हणून. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बारडोलीला साखर कारखान्यात, त्याचं येणं दिवाळीला. त्या घरात पाठ बघणारं कोणी नव्हतं, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

“थांबा आप्पा,” म्हटलं आणि हातरुमालाने त्यांची पाठ झटकायला लागले. ते उभे राहिले. खडू उडून माझ्याच नाकात गेला.

“गयं का, माय?” त्यांनी विचारलं.

“गेलं, आप्पा. साफ झालं.”

ते हलले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नीट देख, माय. आजून थोडं व्हई.”

पाठीवर काही उरलं नव्हतं. मी आणखी थोडा वेळ झटकत राहिले.