निकम पंच आणि धुतलेला स्पंज

निकमकाका माशांना शिट्टी वाजवून खायला घालतात. संध्याकाळी फुर्रर्र झालं की काचेच्या टाकीतले सगळे गोल्डफिश पुढच्या काचेला तोंड लावून उभे राहतात. गल्लीत चेंडू खेळणारी पोरंही सवयीनं थांबतात.

शिट्टी खरीच पंचाची आहे. काकांनी उभी हयात पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल सामन्यांत पंचगिरी केली. कोल्हापुरात हे काम करणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या मिळतात आणि निवृत्तीनंतरही त्या चालू राहतात. अजूनही एखादा पांढऱ्या मिशांचा माणूस भर रस्त्यात त्यांना अडवतो, "ती पेनल्टी न्हवती, पंच!"

"व्हती," एवढंच म्हणून काका पुढं जातात.

या कामानं त्यांना दोन सवयी लावल्या. एक, ते कुणाला नावानं हाक मारत नाहीत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत राहतो, म्हणून मी 'चार नंबर'. दुसरी, ते कुणाच्या घरचा चहा घेत नाहीत. "एका तालमीचा चहा घेतला की दुसऱ्या तालमीला लगेच माझ्या शिट्टीला साखर लागलेली दिसती." आता त्या शिट्टीला विचारतं कोण? पण नियम म्हणजे नियम. माझी बायको मंगल सुरुवातीला विचारायची, नंतर तिनंही सोडून दिलं. एकटा माणूस खाली राहतो आणि कधी वर येऊन टेकत नाही, याचं मला लागून राहायचं. तसं मला बहुतेक गोष्टींचं लागून राहतं. शेजारी दूध नासलं तरी आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं वाटतं.

काकांच्या टाकीत प्रत्येकाला जागा नेमून दिलेली. तळाशी पडून असतो तो गोलकीपर. काचेला चिकटून कडेकडेनं सरकणारा काळा मासा हा लाइन्समन. फिल्टरमध्ये एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज होता. तो त्यांनी कधी नळाखाली धरला नव्हता.

"ही घान न्हाय, इरजन हाय इरजन! माशांची घान खानारं बारीक जीव बसल्यात ह्यात. नळाच्या पान्यात ब्लीचिंग असतंय. धुतला की हे मेलं, आन ह्यांच्या मागनं मासं गेलं."

मी घरी छोटी टाकी आणली तेव्हा त्यांनी या स्पंजाचा एक तुकडा कापून माझ्या फिल्टरसाठी दिला होता. शेजारणीला वाटीत विरजण देतात, अगदी तसा.

गेल्या उन्हाळ्यात काकांची टाकी कोपऱ्यातून झिरपायला लागली. त्यांनी नवी मोठी टाकी आणली, ड्रममध्ये पाणी भरून काही दिवस उघडं ठेवलं, आणि एका रविवारी सकाळी मला मदतीला बोलावलं. काकांनी कुणाला मदतीला बोलावणं हीच मुळात बातमी होती.

"काही फोडून येऊ नका म्हणजे झालं," मंगल म्हणाली.

काकांनी कामं वाटून दिली. "जुनं पानी दोन बादल्यांत. एकीत खेळाडू, वर झाकन, आत हवेचा पंप. दुसरीत स्पंज. त्यो वाळला न्हाय पायजे. चार नंबर, स्पंज तुझ्याकडं."

माशांना हाफटाइम जाहीर झाला. काका जुनी वाळू वाटीवाटीनं नव्या टाकीत नेऊ लागले. मधेच एक वाटी जमिनीवर सांडली, तेव्हा मी दारातल्या मांजराकडं बोट दाखवलं. मी बादली घेऊन मोरीत बसलो. इतकी चकचकीत नवी टाकी आणि तिच्यात ही असली वस्तू जाणार? माणूससुद्धा नव्या घरात पाय धुऊन जातो. म्हटलं, निदान वरचा थर तरी काढू. नळ सोडला. पाणी काळं आलं, मग तपकिरी, मग स्वच्छ. फार बरं वाटलं. स्पंज मुळात निळा होता, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग विरजण आठवलं.

बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडवला तर तो परत जरा काळपट दिसत होता. गप्प बसलो असतो तर खपूनही गेलं असतं. काही दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकायला लागले असते आणि नाव नव्या टाकीचं झालं असतं. मी स्पंज घेऊन काकांपुढं उभा राहिलो.

"काका, मी हा नळाखाली धुतला."

"कोन म्हनलं धुवायला?"

"कुणी नाही. माहीत असून धुतला. आणि मघाशी वाळू मांजरानं नाही सांडली. तीही मीच."

काकांचा हात खिशातल्या शिट्टीकडं गेला. मी डोळे मिटले. शिट्टी काही वाजली नाही.

"आयला," ते म्हणाले, "पाय मोडून पोरगं समोर पडलेलं असतंय, तरी मारनारा म्हनतोय, पंच, मी शिवलोबी न्हाय. न इचारता फाउल कबूल करनारा गडी आज पयल्यांदा बघितला."

मग त्यांनी माशांच्या बादलीचं झाकण उचलून आत बघितलं. "ही पोरं आता मरत्यात की रं."

"माझ्या टाकीतला स्पंज चालेल?" मी विचारलं. "तुमचाच तुकडा आहे तो."

काका तडक जिना चढले. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. माझा स्पंज त्यांनी नाकाशी नेऊन हुंगला.

"जित्ता हाय! कधी धुतला न्हाईस?"

"आळस," मी खरं ते सांगितलं.

"देव तुझा आळस असाच ठेवो. आन तुझं मासं?"

"फिल्टर खाली चालला, तर तेही खालीच येऊ देत."

स्पंज तेवढासा, टाकी मोठी. म्हणून काकांनी सगळ्यांचं खाणं निम्म्यावर आणलं. रोज थोडं पाणी आम्ही दोघं मिळून बदलत होतो. मी कामावरून आलो की आधी खाली डोकावायचो आणि मासे मोजायचो. काका दारातूनच ओरडायचे, "हायत, सगळी हायत! आधी चपला काढ."

पंधरवड्यानं त्यांनी पोटभर खाणं घालायचं ठरवलं. शिट्टी वाजली. सगळे मासे काचेशी आले. माझे दोघे मात्र मागं घुटमळत राहिले.

"नवीन हायत. शिकतील," काका म्हणाले.

तेवढ्यात मंगल माझा चहा खालीच घेऊन आली. एकच कप. काकांनी कपाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मला न्हाय व्हय?"

"तुम्ही घेणार?" तिनं विचारलं.

"चार नंबरचं मासं आता माझ्याच संघात हायत. पंच ऱ्हायलो कुठं मी?"

तिनं धावत वर जाऊन दुसरा कप आणला. काकांनी चहा बशीत ओतला, फुंकून फुंकून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रिकामी कपबशी स्वतः विसळून तिच्या हातात दिली.

"साखर जरा जास्त हाय," ते म्हणाले. आणि मग टाकीकडं तोंड करून, "उद्या चहा किती वाजता टाकतासा?"