पिवळ्या रेनकोटातल्या काकू

तुळपुळेकाका गेम सुरू करण्याआधी रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारतात, "सुरू करू ना?" मग उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतात आणि बटण दाबतात. त्या खुर्चीत एक उशी असते आणि उशीवर एक जुना कंट्रोलर. त्याला कुणीही हात लावायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम.

काका इथल्या, जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. आमच्याच इमारतीत, अगदी आमच्या डोक्यावर राहतात. दर रविवारी दुपारी ते इमारतीतल्या मराठी मुलांना व्हिडिओ गेम खेळायला बोलावतात आणि त्याला 'वर्ग' म्हणतात. "शाळेत मुलाला चुकायची भीती वाटते. इथे चुकला की पुन्हा जिवंत. शिक्षण म्हणजे दुसरं काय असतं? गेनाऊ, अगदी तेच!" हे त्यांचं आवडतं भाषण. तुम्हाला पटलं असं सांगितलं तरी ते पूर्ण ऐकावंच लागतं.

गेम शेतीचा. नदीकाठी एक गाव, तिथे घरं बांधायची, गहू पेरायचा, म्हशी सांभाळायच्या. वर्गाची शिस्त मात्र कारखान्याची. बूट दाराबाहेर, हात धुतलेले, आणि बोलणं फक्त मराठीत. जी मुलं आईबापांना जर्मनमधून उत्तरं देतात, तीच तिथे "अरे, माझा गहू वाळला, पाणी सोड!" असं ओरडतात. कुणाचं काही बिघडलं की काका खेळ थांबवतात आणि मुळाशी पोचेपर्यंत 'का' विचारतात. म्हैस का पळाली? फाटक उघडं होतं. का? अद्वैत विसरला. का? तो भांडत होता. मग अद्वैतला कुणी रागवत नाही. आधी भांडण मिटतं, मग म्हैस सापडते.

ही सवय मुलं घरी आणतात, ही खरी पंचाईत. परवा माझ्याकडून दूध उतू गेलं, तेव्हा माझी नऊ वर्षांची ईरा ओट्याशी येऊन शांतपणे म्हणाली, "का?" तिसऱ्या 'का'ला माझ्या सासूबाईंचं नाव निघालं, तेव्हा मी चौकशी बंद केली.

इथवर सगळं गमतीचं होतं. नोव्हेंबरात ईरा काही वेगळंच सांगू लागली.

"आई, काकू आज नदीपर्यंत गेल्या."

"कोण काकू?"

गेममधल्या, ती म्हणाली. गावात पिवळ्या रेनकोटातली एक बाई आहे. तिला कुणी खेळवत नाही. ती आपली आपण चालते, हळूहळू, नेहमी एकाच बाजूला. मध्येच थांबते, पुन्हा निघते. आणि काका तिला म्हणतात, "सावकाश गं."

आम्ही इथे राहायला यायच्या आधीच तुळपुळेकाकू वारल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या दिवसापासून डोक्यावर पावलं वाजली की मी नकळत ती कुणाची हे ऐकू लागले.

तळमजल्यावरची सोनाली, अद्वैतची आई, त्याहून घाबरली. अद्वैत झोपेत काकूंशी बोलायला लागला होता. "आल्झो, हे बघ, मला हे ठीक वाटत नाही," ती म्हणाली. "एकटं राहून राहून माणसाचं काहीतरी होतं. मी अद्वैतला पाठवणार नाही. तूही बंद कर." बाकीच्या आयाही तयारच होत्या. काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मुलं यायची बंद झाली तर पार्सलवाल्याखेरीज त्या दाराची बेल कुणी वाजवणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी रविवारी मी वर गेले.

चारलाच अंधारून आलं होतं आणि बाहेरच्या खऱ्या नदीवरचं धुकं खिडकीशी येऊन थांबलं होतं. खोलीत फक्त टीव्हीचा उजेड. मुलं खाली सतरंजीवर, काका त्यांच्या मागे, आणि खुर्ची रिकामी. कंट्रोलर उशीवर पडलेला, कुणाचाही हात जवळपास नाही. आणि पडद्यावर पिवळ्या रेनकोटातली बाई चालत होती. नदीशी जाऊन ती थांबली, पाण्याकडे तोंड करून. पाठ करून आणलेली वाक्यं बाजूला ठेवून मी दाराशीच उभी राहिले.

"काका, ती डावीकडेच का जाते?" ईराने विचारलं.

काकांनी खेळ थांबवला नाही. "त्या कंट्रोलरची अंगठ्याने दाबायची स्टिक झिजलीय. हात लावला नाही तरी त्याला वाटतं, कुणीतरी डावीकडे दाबतंय."

"का झिजली?"

"एकाच बाजूला फार दाबली गेली."

"का?"

"नदी डावीकडे आहे ना. हिला पाणी आवडायचं. गेम काकूचाच. तिला जर्मन येत नव्हतं, दिवसभर बोलणार कुणाशी? जिन्यातल्या मुलांनी तिला हा खेळ शिकवला, तिने त्यांना मराठी. मी आपला म्हणायचो, या वयात काय पोरखेळ, आवाज कमी कर."

"मग दुरुस्त का नाही केली?"

आमच्या इमारतीतला प्रत्येक मिक्सर, प्रत्येक सायकल या माणसाने दुरुस्त केली आहे. ही स्टिक त्यांना चहा उकळेपर्यंत बदलता आली असती.

"दुरुस्त केली तर ती चालायची थांबेल," काका म्हणाले.

पडद्यावरही संध्याकाळ होत आली होती. काका उठले आणि त्यांनी तो कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला. "अंधार पडला की नदीवर लांडगे येतात," ते मला म्हणाले, जणू मीच कारण विचारलं होतं. "रोज घरी आणून सोडतो. मला या खेळातलं एवढंच नीट जमतं." बाई वळली आणि गावाकडे निघाली. झिजलेली स्टिक तिला पुन्हापुन्हा डावीकडे ओढत होती, त्यामुळे ती अडखळत चालत होती. ईराने आपला गडी पळवत पुढे नेला आणि घराचं दार उघडून धरलं. "या काकू," ती म्हणाली. मला रडू आलं, आणि अंधार होता याचं बरं वाटलं.

सोनाली जिन्यातच उभी होती. "सांगितलंस?"

"अद्वैतला पाठवत जा," मी म्हटलं. "काकूंना घरी सोडायला माणसं लागतात."