दोन बादल्या कोमट पाणी

बायकोचं बाळंतपण ही काही घाबरायची गोष्ट नाही, तयारी हवी! हे वाक्य मी शहाऐंशीच्या जानेवारीत सौंसरच्या आमच्या जिनिंग कॉलनीत निदान चाळीस जणांना ऐकवलं होतं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीची चावी माझ्याकडे. ज्याच्या खिशात तीस घरांचं पाणी, त्याला एक बाळंतपण जड जाणार?

दवाखान्यातल्या कुसुम सिस्टरच्या सूचना मी कॅलेंडरच्या मागे लिहूनच घेतल्या होत्या. पाणमोट फुटली की घड्याळ पाहायचं, घरी रेंगाळायचं नाही. गेलेलं पाणी स्वच्छ असेल तर निघण्याआधी झटपट आंघोळ चालेल. पण दोन बादल्या कोमट पाणी अंगावर ओतून, टाक्यात बसून नाही. जवळ बाई हवी, न्हाणीला आतून कडी लावायची नाही. पाणी हिरवट दिसलं, रक्त दिसलं, तर आंघोळ राहू द्यायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. शालिकरामची सायकलरिक्षा सांगून ठेवली होती. कडी तर मी आठ दिवस आधीच उखडून टाकली. तेव्हापासून घरातला जो तो आत गाणी म्हणत आंघोळ करत होता!

मंगळवारी सकाळी दहाला विजयाची पाणमोट फुटली.

"किती वाजले?" मी ओरडलो.

"घड्याळ तुमच्याच हातात हाये ना!" विजया शांतपणे म्हणाली. "पाणी साफ हाये. दोन बादल्या आंगावर घेते, मंग निंगू."

तिची आई शकुबाई खास तिगावहून येऊन राहिली होती. ती म्हणाली, "धू द्या तिले आंग. मंग बारा दिवस मी डोक्यावरून पाणी नाई घेऊ देणार." असं म्हणून ती मागे चूल पेटवायला गेली. तिथूनच हाक आली, "जवाईबापू, पाणी कुठी हाये?"

पाणी नव्हतं! प्यायच्या पाण्याचं एक गुंड भरलेलं होतं, तेवढंच. रोज संध्याकाळी पाचला मीच पाणी सोडतो, मग साठवायचं कशाला? ड्रम भरणं हे इतरांचं काम, अशी माझी ऐट!

"आंघोळ राहू दे, चल अशीच," मी म्हणालो.

"कळा पंधरा मिनिटांनी येऊन राहिल्या, येळ हाये," विजया म्हणाली. "तीस घराइले पाणी देता, बायकोले दोन बादल्या नाई?"

हे लागलं मला. तसाच टाकीवर धावलो आणि चावी फिरवली. परत येतो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही! आमच्या कॉलनीचा हिशेब सोपा. अवेळी पाणी सुटलं, म्हणजे दुरुस्तीला मोटर खोलणार आणि चार दिवस नळ कोरडा. मी अर्ध्या गल्लीत येईपर्यंत चाराचे आठ दिवस झाले होते. ड्रम, हंडे, गुंड, सगळं रस्त्यावर. आमचं घर शेवटचं. आमच्या नळातून नुसता फुसफुस वारा!

पहिल्या घरातले केशवराव बादल्या संपल्यावर घमेलं भरत होते, आणि घमेल्याशेजारी परात तयार होती.

"केशवराव, दोन बादल्या पाणी द्या!"

"वा रे वा! आठ दिवस नळ तुमी बंद ठेवणार, अन् पाणी आमी द्यायचं?"

"कोणी सांगतलं बंद ठेवणार म्हणून?"

"मंग आत्ता कावून सोडलं?"

काय सांगणार? साहेबाला न विचारता बायकोच्या आंघोळीसाठी टाकी उघडली, असं? आणि वीस बायकांपुढे पाणमोटेचं नाव काढू? मी नुसता हातवारे करत राहिलो. एवढ्यात गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाहून विजयाचा आवाज आला, "अगं माय वो!" या वेळी पंधरा मिनिटं झालीच नव्हती. जेमतेम नऊ!  खरं सांगतो, सगळी ऐट तिथेच उतरली आणि मी घाबरलो.

"विजयाची पाणमोट फुटली!" मी बोंबललो. "दवाखान्यात न्यायचं हाये, अन् आंग धुवाले घरात थेंब नाई!"

 मग केशवरावांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, घमेलं नवऱ्याच्या हातात कोंबलं. "पयले कावून नाई सांगतलं? इथं उभे राहून लाजून राहिले!" आणि चुलीवरचं गरम पातेलं उचलून त्या धावल्या. मागून अकरा जणी! प्रत्येकीला आपलंच पाणी विजयाच्या अंगावर पडायला हवं होतं.

शकुबाई दारात आडवी उभी राहिली. "दोनच बादल्या! कोमट! बाकीच्याईनं भाईर थांबा!"

पाच मिनिटांत विजया न्हाऊन बाहेर आली, अगदी ताजीतवानी. पण शालिकरामची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अडकलेली!

"ड्रम सरकवा!" मी ओरडलो.

"भरला ड्रम सरकते काय भाऊ?"

शेवटी आईचा हात धरून विजया ड्रमांमधून चालत निघाली. मध्येच कळ आली. तिने एका ड्रमचा काठ घट्ट धरला. तिची कळ पाहून शेजारच्या ड्रमचा काठ मीही धरला. तिचा ड्रम जागचा हलला नाही. माझा अर्धाच भरलेला, तो कलंडला, आणि मी चिखलात उताणा! ड्रमवाल्या बाईने मला नाही, ड्रमला आधी उचललं.

पण वेळेत पोचलो. साडेबाराला मुलगी झाली. दोघीही सुखरूप! मी भिंतीला टेकून घळाघळा रडलो, आणि मुलगी घ्यायला हात पुढे केले.

"हां! मांगं व्हा!" कुसुम सिस्टर कडाडल्या. "बाई पाहा कशी साफ होऊन आली, अन् तुमी? म्हशीवानी चिखलात लोळून आले! पयले आंघोळ करा, मंगच लेक हातात भेटन."

मी धावत घरी आलो. नळ उघडला. फुसफुस! घाईघाईत चावी बंद करायचीच राहून गेली होती. टाकीचा तळ दिसत होता आणि टाकी जिच्यावर भरायची त्या विहिरीत पाणी जमायला उद्याची संध्याकाळ होणार होती. गल्लीतले सगळे ड्रम मात्र काठोकाठ भरलेले. रिकामी बादली घेऊन मी यमुनाबाईंच्या दारात उभा राहिलो.

"आंघोळीले एक बादली द्या वो, वहिनी."

यमुनाबाईंनी ड्रमवर झाकण ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कावून? आता तुमचंही पोट दुखून राहिलं काय?"