पाहुण्याची घागर

पाणी खारं हाय का गोड, हे पिणाऱ्याले कधीच समजत नाही. ते सरकारनं सांगावं लागते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पिऊन राहिले होते, पण त्याईचं मत कच्चं, कारण त्यावर शिक्का नाही. ही उणीव भरून काढाले मेहेरबान सरकारनं मध्यप्रांत अन् वऱ्हाडासाठी एक खातं उघडलं. खात्याचं काम एकच: दरसाल गावोगावच्या विहिरीचं अन् नाल्याचं पाणी शिशीत भरायचं, बुचावर लाखेची मोहर ठोकायची, अन् खार वाढला का कमी झाला ते वर कळवायचं. पाणी खारं ठरन त्या गावाले नाल्यावर पक्का बंधारा. गोड ठरन त्या गावाले सरकारकडून अभिनंदन.

दर्यापूरच्या वाटेवर खारपिंपळी नावाचं गाव होतं. (नाव हा पुरावा धरल्या जात नाही.) तिथं किसनराव माळ्याची विहीर तपासणीले निवडली. विहिरीवर त्याचा वांग्या-मेथीचा मळा. पाणी साल-दरसाल खारं होत चाललेलं, वाफ्यावर पांढरा थर चढलेला, मेथी वर आली का पिवळी. बंधारा झाला तं गोडं पाणी जमिनीत मुरन अन् मळा वाचन. नाही तं बायको घेऊन अकोल्याच्या कापसाच्या जिनात सरकी उपसाले जायचं, एवढा साधा हिशेब होता.

पण या पट्ट्यात एक रीत हाय, अन् मोठी थोर रीत हाय. घरोघर एक घागर वेगळी. तिच्यात नदीपल्याडच्या गावातून बैलगाडीनं आणलेलं गोडं पाणी, तोंडाले फडकं बांधलेलं. ते फक्त पाहुण्याचं. घरच्या पोराले ताप आला तरी त्यानं खारंच प्यावं. कारण उघड हाय: गावचं पाणी खारं म्हणून बोभाटा झाला तं पोरी कोण देईन? सुनेले गावचं पाणी लग्न लागल्यावरच भेटे. (तवा वापस जाता येत नसे.)

तं परीक्षक वामनराव नागपूरहून आले, ऐन चैताच्या उन्हात. नियम असा का नमुना परीक्षकानं सोताच्या हातानं उपसावा. पण विहीर उन्हात अन् बाज सावलीत, अन् कुठून उपसावा हे नियमात लिहिलं नव्हतं. मंग ते बाजेवर बसले अन् नमुना इकडंच आणा म्हणाले.

किसनरावच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, सकाळीच विहिरीचं पाणी भरून समोर ठेवलं होतं अन् नवऱ्याले बजावलं होतं का आज लाजू नका, हेच पाजा. किसनराव हो म्हणाला होता. पण दारी आलेला माणूस, घामानं डबडबलेला, अन् बाजूले खुशालराव पाटील, ज्याच्या पोराची सोयरीक चालू होती, डोळे वटारून उभा. किसनरावचा हात फडक्याच्या घागरीकडंच गेला. वामनराव अर्धा लोटा प्याले, "अमृत हाय बुवा," म्हणाले, अन् उरलेलं शिशीत ओतून मोहर ठोकली.

साहेबाची बैलांची दमणी वळल्यावर मनकर्णाबाईनं विचारलं, "कावून हो, हे काय केलं तुमी?"

"पाहुना होता तो."

"माह्या बापालेबी याच घागरीतलं पाजलं तुमी. तो पोरगी देऊन गेला. हा बंधारा घेऊन गेला."

बंधारा खरंच गेला. नदीपल्याडच्या गावाले भेटला, जिथून गोडं पाणी येत होतं तिथंच. तिथं लोक लग्नाले गेले होते, बाजेवर बसवणारं कोणी नव्हतं, म्हणून वामनरावाईनं म्हशी बसलेल्या डबक्यातून नमुना घेतला, अन् तो खारा निघाला.

किसनराव तहसिलीच्या पायऱ्या झिजवत राहिला. शेवटी फेरतपासणी मंजूर झाली. या खेपेला त्यानं साहेबाले सरळ विहिरीवर नेलं अन् मोटेखाली ओंजळ धराले लावली. वामनरावाईनं थुंकलं. शिशी भरली, मोहर लागली, किसनरावले वाटलं जिंकलो.

पण खातं विचार करणारं होतं. त्यानं असं धरलं का पहिला निकाल चुकणं शक्य नाही, त्यावर मोहर हाय. दुसराबी नाही, त्यावरबी हाय. म्हणजे पाणी गोड होतं अन् खारं झालं. मीठ आपल्या पायानं विहिरीत जात नाही. बंधाऱ्याच्या लोभानं कोणीतरी टाकलं. अन् ते साल मिठाच्या कायदेभंगाचं. मीठवाली विहीर म्हणजे विनापरवाना मिठाचा साठा. विहिरीवर शिपाई बसला, मोट बंद झाली, दोन सालात मरणारा मळा त्याच उन्हाळ्यात वाळला. किसनराव-मनकर्णाबाई जिनात गेले. खात्यानं समाधान नोंदवलं का उपसा थांबल्यापासून या विहिरीच्या पाण्याबद्दल एकही तक्रार नाही.

तुमी हसून राहिले. हसा. मागच्या हिवाळ्यात शाळा तपासाले डिपटी आले, तवा पाढे न येणारी पोरं पोट दुखते म्हणून घरी कोणी ठेवली होती? हुशार तेवढी पुढं बसवली, डिपटीनं खूश होऊन शेरा मारला: शाळा उत्तम, दुसऱ्या मास्तरची गरज नाही. मास्तर आला नाही. तुमचं पोरगं मात्र तवापासून घरीच हाय. जाऊन पाहा, पोट अजून दुखून राहिलं असन.