भामाआत्याचं शून्य

गणकयंत्राची रचना अख्ख्या पुणे जिल्ह्यात माझ्याइतकी सोपी करून कुणी शिकवत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आणि ते खरंही होतं, कारण दुसरं कुणी तो विषय शिकवतच नव्हतं! असलं यंत्र मी स्वतः पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा. विलायतेहून आलेल्या एका पुस्तकावर माझा सगळा प्रपंच चालला होता.

गोष्ट छप्पन सालची. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हंगामी व्याख्याता होतो. विद्यार्थी बारा. मी आठवडाभर फळा पांढरा करावा आणि शनिवारी एकानं विचारावं, "सर, यंत्र शून्य लक्षात ठेवतं म्हणजे नेमकं काय ठेवतं?" हे विभागप्रमुख चांदोरकर सरांच्या कानावर गेलं.

"महिपतराव," ते म्हणाले, "मुलांच्या डोक्यात काही शिरतंय, असं मला दाखवा. नाहीतर जूनपासून हा विषय बंद."

विषय बंद म्हणजे मीही बंद!

"सर, साखर कारखान्याच्या सहलीला आपण चाललोच आहोत," मी म्हणालो. "जवळच कळंबला माझी आत्या राहते. तिच्या अंगणात जिवंत गणकयंत्रच उभं करतो!"

माझी आई गेल्यावर भामाआत्यानंच मला वाढवलं, शिकवलं. कॅनॉलच्या पाण्यावर तिची पेरूची बाग. बारा मुलं आणि दोन मास्तर जेवायला येणार म्हटल्यावर तिनं पहाटेपासून चूल पेटवलेली. मी तिला चुलीपुढून उठवून अंगणात बसवलं. एका बाजूला शेजारची ठमाबाई, दुसऱ्या बाजूला फुलाबाई, मध्ये आत्या. ही झाली यंत्राची स्मृती!

शेजारच्या कुंडलिकतात्यांनी आपल्या घरची तीन पितळी पातेली आणली. ठमाबाईचं पातेलं चाराचं, आत्याचं दोनाचं, फुलाबाईचं एकाचं. पातेल्यात कांदा असला तर तो आकडा धरायचा, पातेलं रिकामं असलं तर सोडायचा. तात्यांनी पातेली वाटायची, मी हाक मारली की गोळा करून सरांपुढं ठेवायची. यंत्राला डोळे नसतात, म्हणून सरांच्या डोळ्यांवर तात्यांचं उपरणं बांधलं. त्यांनी नुसता हात घालून उत्तर सांगायचं.

"चार अधिक एक!" मी गरजलो. ठमाबाईला कांदा, आत्याला रिकामं, फुलाबाईला कांदा. तात्यांनी पातेली वाटली आणि थोड्या वेळानं गोळा करून आणली.

सरांनी तिन्ही पातेल्यांत हात घातला. "सात!"

मुलं खुसखुसली. मी आत्याकडे धावलो.

"आत्या, तुझ्या पातेल्यात कांदा कुठून आला?"

"मीच घातला की! तात्याच्या घरचं भांडं रिकामं कसं माघारी द्यायचं? प्रयागबाई काय म्हनंल मला?"

प्रयागबाई म्हणजे तात्यांची कारभारीण. स्वयंपाकाला मदत करायला आलेल्या तिनं माजघरातून मान डोलावली. सगळ्या कळंबात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. विलायतेच्या पुस्तकाला ठाऊक नव्हतं!

"आत्या, पाया पडतो. कांदा घालू नको."

"बरं बाबा, न्हाय घालत."

पुन्हा चार अधिक एक. सरांनी पहिल्या पातेल्यात हात घातला, कांदा. दुसऱ्यात घातला आणि ओरडलेच! कोपरापर्यंत ताक. मनगटावरचं घड्याळ ताकात न्हाऊन निघालं.

"कांदा नको म्हनलास न्हवं?" आत्या म्हणाली. "म्हनून ताक वतलं."

जून डोळ्यांपुढं नाचू लागला. मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "शून्य असेल त्या बाईचं पातेलं आणूच नका. तिला सोडून पुढं जा!"

तात्या ठमाबाईकडून पातेलं घेऊन आत्याला ओलांडून थेट फुलाबाईकडे गेले. झालं! आत्या ताडकन उठली.

"दोघींच्या हातचं चालतं, आन् माझ्याच हातचं न्हाय? माझ्याच दारात व्हय?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी! बारा मुलांचं जेवण आत, आत्या आत, आणि यंत्राची स्मृती रुसलेली. शेवटी चांदोरकर सरच, एका बाहीतून ताक गळत, दाराशी गेले.

"भामाबाई, चूक आमची. पण यंत्राला 'काही नाही' हे कळायला भांडं रिकामंच हवं हो."

आतून आवाज आला, "सायेब, रिकाम्या भांड्यावरनं काय कळनार? आत ठेवायचं न्हवतं, का ठेवायचं राहून गेलं? न्हाय म्हनायला बी कायतरी लागतंय की! हाय म्हनायचं तर कांदा घाला, न्हाय म्हनायचं तर पेरू घाला!"

सर हळूच म्हणाले, "महिपतराव, अहो, हेच! शून्य म्हणजे रिकामी जागा नव्हे, तीही एक खूणच. हे तुम्ही वर्षभर का नाही सांगितलंत?"

मला ते आत्ताच कळलं होतं, हे मी सांगितलं नाही.

कडी निघाली. पातेली फिरली. खरखरीत साल लागलं की कांदा, गुळगुळीत लागला की पेरू. चार अधिक एक, पाच! चार अधिक दोन, सहा! मुलं स्वतःच गणितं घालू लागली, आणि शनिवारी प्रश्न विचारणारा विद्यार्थी आत्याच्या पाया पडला. माझे डोळे भरून आले. जिनं मला पाटीवरचं पहिलं अक्षर गिरवायला बसवलं, तिनंच माझी नोकरी राखली. ते ऋण या जन्मी फिटायचं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

जेवताना सरांनी जाहीर केलं, "महिपतराव, विषय चालू, तुमची नेमणूक कायम. मात्र हा तास दर वर्षी इथंच व्हायचा, आणि तो भामाबाईंनीच घ्यायचा!"

तेव्हापासून तीन वर्षं तो तास आत्याच घेते. मी हजेरी घेतो. यंदा मुलं सरांबरोबर पुढं गेली, आणि बारामतीला गाडी चुकल्यामुळे मी उशिरा पोचलो, तर हजेरीही आत्यानंच उरकली होती. बाराच्या बारा मुलं हजर, आणि मी तेवढा गैरहजर!